अंदमानचं पोवळं, बेताच्या खर्चात: पोहता न येणाऱ्या घरासाठी पाच रात्रींचा आराखडा

अंदमानला आम्ही दोनदा गेलो. पहिल्या खेपेला पॅकेज घेतलं होतं. सहा दिवस, पाच ठिकाणं, रोज सकाळी बॅगा भरायच्या आणि रोज संध्याकाळी सोडायच्या. घरी आल्यावर हिशेब केला, तर सहा दिवसांत पाण्यात तोंड घालून प्रवाळ पाहिलं ते सगळं मिळून चाळीस मिनिटं. तेही ओहोटीच्या वेळी, ढवळलेल्या पाण्यात. मुलाला त्या सहलीतली सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे हॉटेलातली लिफ्ट.

दुसऱ्या खेपेला तिकिटांपासून सगळं आम्हीच जुळवलं. एक बेट आणि एक राष्ट्रीय उद्यान, बस्स. खर्च पहिल्यापेक्षा कमी आला आणि पाण्यातल्या तीन पूर्ण सकाळी मिळाल्या. खाली लिहिलंय ते या दुसऱ्या खेपेवरून, आणि पहिल्या खेपेत खाल्लेल्या ठेचांवरून.

सोबत नवरा, बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई. यांत नीट पोहता येणारी फक्त मुलगी. तेव्हा "आम्हाला पोहता येत नाही, आमचं काय" असा प्रश्न पडला असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

नावांचा एक गोंधळ आधीच मिटवते. हॅवलॉकचं नाव २०१८ साली स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं. पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकिटावर एक नाव, हॉटेलवाल्याच्या तोंडी दुसरं, असं सर्रास होतं. बुकिंग करताना दोन्ही नावं माहीत असू द्या. मी इथे बोलण्यातलीच नावं वापरतेय.

१. आधी स्कूबाचा विचार डोक्यातून काढा

बजेट बिघडवणारी पहिली समजूत ही की प्रवाळ बघायचं तर पाठीवर हवेची टाकी लावून, म्हणजे स्कूबा करत, खोल जावं लागतं. प्रवाळ म्हणजे इवल्या प्राण्यांची वसाहत. भित्ती, म्हणजे समुद्रातले प्रवाळाचे खडक, बांधणाऱ्या प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं. ऊन नाही तर शेवाळ नाही, आणि शेवाळाशिवाय ही वसाहत फार काळ तग धरत नाही. म्हणून प्रवाळ उथळ, स्वच्छ, उजेडाच्या पाण्यात वाढतं. शिवाय पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. काही मीटर खाली गेलं की सगळंच निळसर दिसायला लागतं. रंग बघायचे असतील तर वरचे दोन-तीन मीटरच चांगले, आणि तिथवर नजर पोचवायला मास्क आणि स्नॉर्केलची नळी पुरते. ज्यांना पाण्यात उतरायचंच नाही त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट असते.

स्कूबा करूच नका असं मी म्हणत नाही. पण त्यासाठी मुलाचं वय साधारण दहा पूर्ण लागतं, तब्येतीचा फॉर्म भरावा लागतो, आणि शेवटच्या डाइव्हनंतर निदान अठरा तास विमानात बसता येत नाही. छोट्या सहलीत ते अठरा तास फार महाग पडतात.

मुलांना आणखी एक गोष्ट आधी सांगून ठेवा. जिवंत प्रवाळ बहुतेक ठिकाणी तपकिरी, मोहरीच्या रंगाचं, शेवाळी हिरवं असतं. मधूनच एखादं जांभळ्या टोकांचं झुडूप दिसतं. जाहिरातीतला भडकपणा त्यात नसतो. पांढरंशुभ्र प्रवाळ दिसलं तर ते सुंदर म्हणून पांढरं नसतं. पाणी तापल्यामुळे आतलं शेवाळ निघून गेलेलं असतं. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात असं फार मोठ्या प्रमाणावर झालं होतं, आणि २०२४ साली तर जगभर. त्यामुळे मेलेल्या फांद्यांचा ढिगाराही दिसेल. माझ्या मुलीने तो पाहून विचारलं, "हे कुणी तोडलं?" उत्तर तयार ठेवा, लांबलचक असतं.

२. महिना शाळेच्या नव्हे, समुद्राच्या वेळापत्रकातून निवडा

नैर्ऋत्य मोसमी पाऊस अंदमानात केरळच्याही आधी, मेच्या उत्तरार्धात पोचतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येकडचा पाऊस अधूनमधून येत राहतो. समुद्र शांत आणि पाणी नितळ मिळण्याचा सगळ्यात भरवशाचा काळ जानेवारी ते एप्रिल.

दिवाळीची सुट्टी मोहात पाडते, पण त्या दिवसांत वारा-पावसाचा जुगार असतो. नाताळच्या आठवड्यात हवा बरी, पण विमानाचे दर अंगावर येतात. मेमध्ये उकाडा आणि वर पाऊस कधीही दाराशी. आम्ही परीक्षा संपल्याबरोबर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात गेलो. ऊन कडक होतं, पण पाणी तळापर्यंत दिसत होतं. शाळेचे तीन दिवस बुडवणं चालत असेल तर जानेवारीचा शेवटचा आठवडा त्याहून बरा.

३. विमान: खर्चाचा मोठा घास इथेच

आमच्या एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त भाग विमानाचा होता. जेवणात काटकसर करून जे वाचतं त्याच्या कितीतरी पट तिकीट योग्य दिवशी काढून वाचतं. मंगळवार-बुधवारचे दर शनिवार-रविवारशी ताडून पाहा.

महाराष्ट्रातून बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता, बंगळूर किंवा हैदराबाद असं कुठेतरी विमान बदलावं लागतं. इथला सापळा म्हणजे दोन स्वस्त तिकिटं वेगवेगळी काढणं. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. पाच माणसांची नवी तिकिटं ऐन वेळी काढावी लागली तर आख्ख्या सहलीची बचत एका तासात जाते. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या.

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणहून जहाजंही जातात, पण एका बाजूला साधारण तीन दिवस लागतात. हौसेसाठी छान. पाच रात्रींत मात्र ते बसत नाही.

४. पाच रात्री अशा वाटा

आमची वाटणी अशी होती. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, पुढच्या दोन नील बेटावर, शेवटच्या दोन पुन्हा पोर्ट ब्लेअर.

पहिल्या दिवशी पोचून सेल्युलर जेल. सावरकरांची कोठडी न बघता मराठी माणूस परत येत नाही, आणि सासूबाईंना तर प्रवाळापेक्षा तेच महत्त्वाचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने नील. तिसरा दिवस पूर्ण नीलचा. चौथ्या दिवशी परत. पाचव्या दिवशी राष्ट्रीय उद्यानातलं जॉली बॉय बेट, सहाव्या दिवशी विमान.

विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच असायचं, ही गोष्ट दगडावर कोरून ठेवा. वारा वाढला की बेटांमधल्या बोटी रद्द होतात. "सकाळच्या बोटीने येऊ आणि दुपारचं विमान पकडू" असं कुणी आत्मविश्वासाने सांगत असेल, तर विमान त्याचं नाही, तुमचं सुटणार आहे.

हॅवलॉक का नाही? हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. राधानगरचा किनारा देखणा आहे यात वाद नाही, पण तिथे वाळू आहे, पोवळं नाही. प्रवाळासाठी पुन्हा एलिफंट बीचला जावं लागतं, बोटीने किंवा जंगलातून चालत. म्हणजे आणखी एक बोट, आणखी एक रात्र, आणखी गर्दी. सात-आठ रात्री असतील तर जरूर जा.

नॉर्थ बे पोर्ट ब्लेअरसमोरच आहे. जुन्या वीस रुपयांच्या नोटेमागचं चित्र तिथलंच. हाताशी एकच दिवस असेल तर ठीक, पण तिथे इतके खेळ आणि इतके विक्रेते असतात की पाण्याकडे लक्ष लागत नाही.

५. भरती-ओहोटीचा तक्ता: सगळ्यात महत्त्वाचं पान

पहिल्या खेपेला आम्ही फसलो ते इथे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्नॉर्केलिंगला पाणी चढतं असावं. भरतीबरोबर बाहेरच्या समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं. ओहोटीबरोबर किनाऱ्यावरची वाळू आणि गाळ उचलून पाणी बाहेर जातं, म्हणून ते गढूळ. अगदी खालच्या ओहोटीला तर उथळ भागात प्रवाळ आणि तुमचं पोट यांच्यात वीतभर पाणी उरतं. गुडघे खरचटतात, प्रवाळ मोडतं आणि काचेच्या बोटीही लांब थांबतात. शिवाय उजेड हवा. सूर्य डोक्यावर असताना किरणं सरळ खाली जातात. तेव्हा सूत्र एवढंच: चढतं पाणी, आणि सकाळी नऊ ते दुपारी साडेबारा. या दोन गोष्टी ज्या दिवशी जुळतात तो दिवस पाण्याचा, बाकी सगळं उरलेल्या दिवसांत.

कोकणातले लोक तिथीवरून भरतीची वेळ तोंडी सांगतात. माझ्या माहेरी हा हिशेब सगळ्यांना येतो, म्हणून पहिल्या वेळी मी तोच लावला आणि तोंडघशी पडले. तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा. पोर्ट ब्लेअरची भरती वेगळ्या वेळी येते. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो, त्यात पोर्ट ब्लेअर असतं. भरतीच्या ॲपवरही ते सापडतं. लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतो. तो कोळ्यांसाठी असतो, पण आपल्यालाही कळतो.

तिथी मात्र एका कामाला येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी आणि पाणी निवांत. नवख्या माणसांना पहिल्यांदा पाण्यात उतरवायचं तर भांगाचे दिवस बरे. पण उधाणाची एक गंमत आहे. नीलच्या लक्ष्मणपूरला खडकाची नैसर्गिक कमान आहे, तिथे मोठ्या ओहोटीला प्रवाळाचं पठार उघडं पडतं आणि खळग्यांत अडकलेले खेकडे, समुद्रकाकडी, रंगीत ओठांचे शिंपले पायी फिरत बघता येतात. सासूबाईंनी सगळ्यात जास्त प्रवाळ पाहिलं ते तिथे, साडी खोचून, काठी टेकत.

भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून एकाच दिवसाचा तक्ता बघून थांबू नका. पाचही दिवसांच्या वेळा कागदावर लिहा आणि मगच बोटींची तिकिटं काढा. उलट क्रमाने केलंत की मग समुद्राला विनंती करत बसावं लागतं.

अंदमानची घड्याळं आपल्याच वेळेवर चालतात, पण बेटं बरीच पूर्वेला आहेत. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. "दुपारी जेवून मग जाऊ" हा घरचा बेत तिथे चालत नाही.

६. बेटांमधल्या बोटी

दोन प्रकार आहेत. सरकारी फेरी स्वस्त, पण तिकिटं मोजकी आणि पटकन संपणारी. ती ऑनलाइनही मिळतात आणि काउंटरवरही. खासगी बोटी महाग, वातानुकूलित, वेगाने जाणाऱ्या, आणि त्यांचं आरक्षण बरंच आधी करता येतं.

आम्ही जाताना खासगी घेतली, कारण सकाळची वेळ पक्की हवी होती. येताना सरकारी, कारण घाई नव्हती. पाच माणसांच्या एका बाजूच्या तिकिटांतला फरक आमच्या दोन दिवसांच्या जेवणाइतका भरला.

बोट लागण्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. बंद काचांच्या थंडगार बोटीत उलट्या जास्त होतात, असा आमचा अनुभव. सरकारी बोटीत डेकवर वाऱ्यात उभं राहता येतं, तिथे मुलाला काहीही झालं नाही. जागा निवडता आली तर मधली आणि खालची घ्या. क्षितिजाकडे बघत बसा. मोबाइल बंद. पोट रिकामं ठेवू नका आणि तडस लागेपर्यंत खाऊही नका. गोळी घ्यायची तर बोटीत बसण्याआधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. मुलांचा डोस निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून आणा.

७. जॉली बॉयचा परवाना

वांडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ साली स्थापन झालं. त्यात पंधरा बेटं आहेत, पण पर्यटकांना त्यांतली मोजकीच बघता येतात. जॉली बॉय साधारण नोव्हेंबर ते मे खुलं असतं, पावसाळ्याच्या बाजूला रेड स्किन. एकाला विश्रांती देऊन दुसरं उघडायचं, अशी पद्धत आहे. सोमवारी बंद. आमच्या ओळखीचं एक कुटुंब नेमकं सोमवारी पोचलं होतं.

वन खात्याचा परवाना आधी काढावा लागतो, आणि रोजची संख्या ठरलेली असते. म्हणून पोर्ट ब्लेअरला उतरल्या दिवशीच हे काम उरका, किंवा निघण्यापूर्वीच सोय करा. सगळ्यांची ओळखपत्रं लागतात. वांडूर शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर. सरकारी बस जाते, पण बोट सकाळीच सुटते, म्हणून बसची वेळ आदल्या संध्याकाळी स्टँडवर विचारून घ्या. पाच जण असाल तर रिक्षा किंवा गाडीचा हिशेबही करून पाहा. आम्हाला गाडी परवडली.

बेटावर दुकान नाही, जेवण नाही. प्लास्टिकची पाकिटं आणि टाकून द्यायच्या बाटल्या नेता येत नाहीत. पाण्याच्या बाटलीसाठी अनामत घेतात, परत आल्यावर बाटली दाखवली की मिळते. घरून स्टीलचे डबे आणि बाटल्या नेल्या तर सगळंच सोपं. आजूबाजूचे लोक चिप्सची पाकिटं कागदात ओतत होते, तेव्हा आम्ही दशम्या खात होतो.

८. मास्क: एवढी एक वस्तू स्वतःची घ्या

तिथे भाड्याने मास्क मिळतात. पण लहान मुलांच्या मापाचे क्वचितच, आणि रबर ताठरलेलं. मास्कमध्ये पाणी शिरलं की नवखा माणूस घाबरतो. एकदा घाबरला की त्या दिवशी पुन्हा उतरत नाही. मग बोटीचे, गाइडचे, परवान्याचे सगळे पैसे गेले. म्हणून मास्कवर खर्च करा आणि बाकी सगळं भाड्याने घ्या.

माप कसं बघायचं: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलकाच श्वास आत ओढा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर बसला. सुटला तर दुसरा. केसांची एक बट आत अडकली तरी पाणी येतं. मिशीवाल्यांना थोडा त्रास होतोच. नवऱ्याने वरच्या कडेला व्हॅसलिन लावून वेळ मारून नेली, मिशी काढली नाही.

पट्टा करकचून आवळला की गळती थांबते असं वाटतं. होतं उलटंच. कडा वाकडी होऊन पाणी जास्त शिरतं.

चष्म्यावर मास्क बसत नाही. पाण्यात वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे लहान नंबर असेल तर चालून जातं. नंबर मोठा असेल तर नंबरच्या काचांचे तयार मास्क मिळतात, ते आधीच मागवा.

काचेवर वाफ धरू नये म्हणून पाण्यात जाण्याआधी आतून थुंकी चोळून खळबळून घ्यायची. मुलांना हा भाग फार आवडतो. ज्यांना किळस वाटते त्यांनी लहान बाळाच्या शाम्पूचा एक थेंब वापरावा.

चेहरा पूर्ण झाकणारे मास्क आजकाल सगळीकडे दिसतात. मी मुलांसाठी घेतले नाहीत. आत पाणी शिरलं तर झटकन काढता येत नाहीत आणि श्वास कोंडल्यासारखा वाटतो, असं मला स्वतःला घालून पाहिल्यावर जाणवलं.

सराव घरीच करा. आम्ही आधी बादलीत तोंड बुडवून तोंडाने श्वास घ्यायची सवय केली. मग दोन रविवार पोहण्याच्या तलावात, कमरेइतक्या पाण्यात. आठ वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी पाच सेकंद जमले, दुसऱ्या रविवारी तो वर यायला तयार नव्हता. हा सराव केला नसता तर नीलची पहिली सकाळ रडण्यात गेली असती.

९. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं:
- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र, मुलांचंही, आणि प्रत्येकाच्या दोन-तीन झेरॉक्स प्रती. परवान्याला, बोटीला, हॉटेलला पुन्हा पुन्हा लागतात.
- विमान, बोट आणि हॉटेलच्या कागदांची छापील प्रत. मोबाइलचं नेटवर्क बेटांवर लपंडाव खेळतं.
- दुचाकी घेणार असाल तर वाहन परवाना.
- परदेशी पासपोर्टवाला नातेवाईक सोबत असेल तर त्याच्यासाठी नियम वेगळे आहेत. ती चौकशी तिकिटं काढण्याआधी.

सामान:
- लांब बाह्यांचे पोहण्याचे टीशर्ट आणि घोट्यापर्यंतच्या लेगिंग्ज. स्नॉर्केल करताना मान, पाठ आणि पोटऱ्या तासभर उन्हात असतात. सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेंझोनसारख्या रसायनांवर हवाईत बंदी आहे, कारण ती प्रवाळाला घातक समजली जातात. कापड घातलं की क्रीम फक्त चेहऱ्यापुरतं लागतं, पैसेही वाचतात.
- पाण्यात घालायचे रबरी बूट. चपला वाहून जातात, आणि लक्ष्मणपूरच्या खडकावर अनवाणी जाऊच नका.
- रोख रक्कम, सुट्टी नोटांसकट.
- खरचटल्यावर लावायचं मलम. प्रवाळाने झालेली जखम छोटी दिसते, पण चिघळते. लगेच स्वच्छ पाण्याने धुवायची.
- किनाऱ्यावरच्या बारीक माश्यांसाठी मलम. चावल्यावर दोन दिवस खाज सुटते.

१०. पाण्यात उतरल्यावर

लाइफ जॅकेट घाला, सगळ्यांनी, पोहता येणाऱ्यानेही. गाइड हवेची रिंग घेऊन येतो, तिला धरून तरंगायचं, तो ओढत नेतो. पोहायची गरज पडत नाही. पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा: पाण्यात नेमकी किती मिनिटं, एका गाइडमागे किती माणसं, आणि फोटोंचे पैसे वेगळे का. पहिल्या खेपेला "अर्ध्या तासाचं" स्नॉर्केलिंग आमचं बारा मिनिटांत आटोपलं होतं. त्यातली चार फोटो काढण्यात गेली.

मुलांमागे एका गाइडकडे दोनच जण, यावर मी अडून बसले आणि त्याचे जादा पैसे दिले. या सहलीतला सगळ्यात चांगला खर्च तोच.

पाण्यात उभं राहायचं नाही, हे मुलांकडून घोकून घ्या. दम लागला तर उताणं व्हायचं. पहिल्या खेपेला एका गाइडनेच मुलाला "या दगडावर उभा राहा" म्हणून दमलेले पाय टेकवायला लावले होते. तो दगड म्हणजे जिवंत प्रवाळ होतं. गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतं, म्हणजे मुलाच्या कमरेइतका तो गोळा सासूबाईंच्या वयाचा असू शकतो. हे सांगितल्यावर त्याने पुन्हा पाय टेकवला नाही. आजीवर पाय ठेवायचा नाही, एवढं त्याला पटलं.

काहीही हाताळू नका. दगडासारखा दिसणारा विषारी मासा खरोखर दगडासारखाच दिसतो. समुद्री साळिंदराचे काटे पायात मोडतात. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, म्हणून खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ पाण्यात उतरायचं नाही, आणि सूचनेची पाटी म्हणजे शोभा नव्हे.

मुलांना एका वेळी अर्धा तास पुरे. कोमट पाण्यातही ती गारठतात आणि सांगत नाहीत. ओठ बघा.

११. परतताना बॅगा आणि खिसे तपासा

भित्ती बांधणारं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलून आणणं गुन्हा आहे, आणि विमानतळावर बॅगा तपासताना तो सापडतो. शंख-शिंपल्यांच्या वस्तू घ्यायच्या तर पावती देणाऱ्या दुकानातूनच, आणि ती पावती हाताशी ठेवायची.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही मुलाच्या बॅगेत पाहिलं तर मोज्यात गुंडाळलेला एक पांढरा फाटा निघाला. त्याने वर्गात दाखवायला जपून ठेवला होता. रात्रीच रिक्षा करून किनाऱ्यावर गेलो, त्याने तो स्वतःच पाण्यात सोडला आणि परत येताना रिक्षात झोपून गेला.